इको नॉर्मल आला, तरी हातपाय गार का? बाळंतपणातल्या हार्ट फेल्युअरनंतरचा गारठा

धाप गेली, पायावरची सूज उतरली, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, ५५ च्या वर आलं. घरचे निर्धास्त झाले. आणि दिवाळी सरता सरता बाईचे हात बर्फ, पाय बर्फ, अंगावर दोन वाकळी असूनही हुडहुडी. घरात निदान तयारच असतं: "बाळंतपणात वारं लागलं." मग कानाला फडकं, खाटेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी सुरू होते. वाऱ्याचा यात फारसा हात नसतो. कारण बहुतेक वेळा गोळ्यांच्या पाकिटात, रक्तात किंवा थायरॉइडमध्ये सापडतं आणि कारणागणिक उपाय बदलतो. म्हणून आधी शोध, मग शेक.

पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी, म्हणजे गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाचेक महिन्यांत दुसरं कारण नसताना हृदयाचा पंप ४५ टक्क्यांच्या खाली घसरणं. बऱ्याच जणींचा पंप सहा महिने ते वर्षभरात सावरतो. पुढचं सगळं त्या सावरलेल्या बायांसाठी आहे. शेवटच्या इकोला सहा महिन्यांहून जास्त काळ झाला असेल, किंवा त्यात आकडा ५० च्या आत असेल, तर गार हातपाय हे पंप कमी पडत असल्याचंही लक्षण असू शकतं. अशा वेळी आधी इको करून घ्या. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो, नांदेडचं विष्णुपुरी असो, लातूर की अंबाजोगाई, जाताना जुने सगळे इको रिपोर्ट सोबत न्या. एकट्या आकड्यावरून फारसं कळत नाही, मागच्या आकड्याशी ताडून पाहिला की कळतं.

हे असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा

एकच पाय किंवा एकच हात अचानक गार पडला, पांढरा-निळसर झाला, दुखतोय, बधिर झालाय: ही रक्ताची गुठळी अडकल्याची खूण असू शकते. हृदय कमजोर असताना डाव्या कप्प्यात गुठळी होऊ शकते आणि ती तिथून सुटून पायाच्या नाडीत जाऊन बसते. शेकू नका, चोळू नका, तेल लावू नका. १०८ ला फोन करा. पहिल्या सहा तासांत रक्त पुन्हा सुरू झालं तर पाय वाचण्याची शक्यता चांगली असते. गावातून निघायलाच दोन तास जातात, म्हणून "सकाळपर्यंत बघू" म्हणायला इथे जागा नाही.

दोन्ही हातपाय गार, त्यात थंड घाम, श्वास लागणं, चक्कर, बोलण्यात गोंधळ, लघवी कमी होणं: हेही तातडीचंच.

तिसरी गोष्ट हळू येते. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, एका उशीऐवजी दोन-तीन लागणं, रात्री आडवं झालं की खोकला, मोज्याच्या रबराचा खोल वळ संध्याकाळी तासभर न जाणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर करायचं. काटा फरशीवर सपाट ठेवा. सतरंजीवर ठेवलेला काटा खोटं बोलतो.

आणि दात वाजवणारी थंडी भरून मागून ताप आला, तर तो मलेरिया, लघवीचा संसर्ग किंवा अंगावर पाजणारीच्या बाबतीत स्तनाचा दाह असू शकतो. त्याचा या लेखाशी संबंध नाही, आजच दाखवा.

चौदा दिवसांची वही

"मला थंडी वाजते" एवढ्या वाक्यावर कुठल्याच डॉक्टरला काही करता येत नाही. बोटं गार पडणं आणि आख्खं अंग गारठणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची फोड करायला पोराची शंभर पानी वही पुरते. रोज चार वेळा नोंद करा: उठल्यावर, सकाळच्या गोळ्यांनंतर दोन तासांनी, संध्याकाळी आणि झोपताना. दर वेळी कुठे गार आहे ते लिहा: फक्त बोटं, मनगटापर्यंत, घोट्यापर्यंत की पाठ-पोटही. रंग लिहा. नाडी पूर्ण साठ सेकंद मोजून लिहा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. घरातल्या इतरांनी स्वेटर घातलाय का, तेही लिहा. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि नेमका तोच फार उपयोगी पडतो.

बोटाचं रक्ताभिसरण बघायचं तर हात छातीच्या उंचीवर धरा, नख पाच सेकंद दाबून सोडा. गुलाबी रंग दोनेक सेकंदांत परत यायला हवा. गारठलेल्या खोलीत जास्त वेळ लागणं साहजिक आहे, म्हणून हात ऊबदार करून पुन्हा बघा. ऊबेतही रंग उशिरा परतत असेल तर ते वहीत अधोरेखित करा.

घरात ऑक्सिमीटर असेल तर एक ध्यानात ठेवा: गार बोटावर तो चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो. ८८ दिसलं म्हणून अख्खी गल्ली गोळा होते आणि बोट पाच मिनिटं काखेत धरून लावलं की ९८ येतो. नेलपॉलिश काढून, हात ऊबदार करून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून वाचा. ऊबेतही ९४ च्या खाली राहिला तर मात्र दाखवा.

वही वाचायची कशी

बोटं गार, पण पाठ-पोट ठीक, भूक-झोप ठीक: संशय पहिल्यांदा बीटा ब्लॉकरवर. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही हृदयाला विसावा देणारी औषधं. त्यांनी हृदयाचा वेग उतरतो आणि हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सैल व्हायला कमी पडतात. कार्व्हेडिलॉल रक्तवाहिन्या थोड्या सैलही करतं, म्हणून त्यावर ही तक्रार तुलनेने कमी दिसते. डोस वाढवल्यानंतरच्या आठवड्यात गारठा सुरू झाला असेल तर वहीत तारखांचा मेळ लगेच दिसतो.

बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, ऊब लागली की लाल होऊन ठणकतात: ही रक्तवाहिन्यांची आकडी, रेनॉड. थंड भांड्याला हात लागला तरी ती सुरू होऊ शकते. या आजारात दूध थांबवण्यासाठी आणि हृदयासाठी म्हणून काही जणींना ब्रोमोक्रिप्टिन देतात. त्या औषधाचा थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याचा दुष्परिणाम माहितीतला आहे. ते सहसा आठवडा ते दोन महिने चालतं, त्यामुळे बंद होऊन बराच काळ लोटला असेल तर दोष त्याच्या माथी मारू नका. पाजणाऱ्या बायांमध्ये अशीच आकडी स्तनाग्राला येते: पाजून झाल्यावर टोक पांढरं पडतं आणि झणझणतं. बऱ्याचदा त्याला बुरशीचा संसर्ग समजून मलम दिलं जातं. रंग बदलतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि पाजून होताच वारा लागू न देता कोरड्या ऊबदार कापडाने झाका.

आख्खं अंग गार, बाकीचे साध्या कपड्यात आणि तुम्ही शालीत: थायरॉइड आणि रक्त तपासा. बाळंतपणानंतर थायरॉइडला दाह होतो तेव्हा तो काही जणींत दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या काही महिन्यांत धडधड आणि घाम, मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणं, गारठा. पहिला टप्पा हृदयाच्या आजाराच्या धबडग्यात कुणाच्या लक्षात येत नाही, दुसरा "अशक्तपणा" म्हणून सोडून दिला जातो. ठोक्यांच्या गडबडीसाठी अमिओडॅरोन दिलं असेल तर त्यानेही थायरॉइड मंदावतं. आणि मंद थायरॉइड हृदयाचा पंपही ढिला करतं, म्हणून ही तपासणी टाळण्यासारखी नाही.

बाळंतपणात फार रक्त गेलं होतं, दूध आलंच नाही, पाळी परतली नाही आणि आता गारठा: हे चारही जुळत असेल तर नुसती टीएसएच (थायरॉइडची नेहमीची तपासणी) पुरत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झालेली असेल तर टीएसएच नॉर्मलही दिसतं. फ्री टी४ आणि सकाळची कॉर्टिसॉल लागते, आणि कॉर्टिसॉल कमी असेल तर थायरॉइडची गोळी त्याच्या आधी सुरू करायची नसते. डॉक्टरांना "रक्त किती गेलं होतं, किती बाटल्या चढवल्या" हे सांगायला विसरू नका. हृदयाच्या फाइलमध्ये ती नोंद नसण्याचीच शक्यता जास्त.

तळपायाला मुंग्या, बधिरपणा आणि गारठा एकत्र असेल तर बी१२. दूध-अंडी कमी खाणाऱ्या घरांत ही कमतरता हमखास आढळते.

एका फेरीत करून घ्यायच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच, फ्री टी४, बी१२, साखर, क्रिएटिनिन, पोटॅशियम, ईसीजी आणि गरजेप्रमाणे इको. फेरिटिन मुद्दाम मागा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांमध्ये रक्तक्षय आढळला होता. आणि हिमोग्लोबिन १२ असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो.

गोळ्यांना हात लावण्याआधी

बोटं गार पडतात म्हणून बीटा ब्लॉकर स्वतःहून बंद करणं ही यातली सर्वांत महाग चूक. अचानक तोडलं की नाडी आणि रक्तदाब उसळतात. शिवाय इको नॉर्मल आला तो औषधांच्या आधाराने की मुळातूनच, हे बाहेरून कळत नाही. ब्रिटनमधल्या ट्रेड-एचएफ चाचणीत डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतून (हृदय फुगून कमजोर होण्याच्या आजारातून) सावरलेल्या रुग्णांची औषधं देखरेखीखाली हळूहळू काढली, तेव्हा सहा महिन्यांत २५ पैकी ११ जणांचा आजार परतला. तेही दर थोड्या दिवसांनी तपासणी चालू असताना.

डॉक्टरांपुढे वही ठेवून विचारा: डोस कमी करता येईल का? मेटोप्रोलॉलऐवजी कार्व्हेडिलॉल चालेल का? लघवीची गोळी अजून एवढ्याच प्रमाणात लागते का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण सूज गेल्यावरही फुरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड जुन्याच डोसमध्ये चालू राहिलं तर अंग कोरडं पडतं, रक्तदाब उतरतो आणि हातपाय गारठतात. कार्व्हेडिलॉल जेवणासोबतच घ्यायचं, उपाशीपोटी घेतलं की उठताना चक्कर येते. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू झालं तर ते सकाळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. सगळ्या गोळ्या एका घोटात घेणाऱ्या बाईचं थायरॉइड महिनोन्महिने जागचं हलत नाही.

सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट उलटून वाचा. फिनाइलएफ्रिन किंवा स्युडोएफेड्रिन असेल तर घेऊ नका. नाक मोकळं होतं ते रक्तवाहिन्या आकसूनच, आणि बोटांच्याही आकसतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अंगात पाणी साठवतात. अंगदुखीला पॅरासिटॅमॉल बरं. मायग्रेनची एर्गोटामाइन आणि ट्रिप्टान गटातली औषधं हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. काढ्यातलं ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. आलं-गवती चहाचा काढा चालेल.

आणि मिश्री. दातांना लावायची ती "तंबाखू थोडीच आहे" असं म्हणत ती सर्रास चालू असते. ती भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं आणि बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतं. बोटं गार पडणाऱ्या बाईने मिश्री सोडली नाही तर बाकी उपायांवरचा खर्च वाया.

घरातला बंदोबस्त

मराठवाड्याची थंडी कोरडी आणि दुटप्पी. दुपारी २८–३० अंश, पहाटे ८–१०, परभणीकडे काही वर्षी त्याहून खूप खाली. दिवसभराच्या कपड्यांवर पहाट निघत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसल्या की रक्तदाब वाढतो आणि नुकत्याच सावरलेल्या हृदयावर भार येतो, म्हणून ऊब ही यातली चैन समजू नका.

क्रम लक्षात ठेवा: आधी धड, मग हातपाय. पोट-पाठ गार असेल तर शरीर बोटांचं रक्त आवरून आत घेतं, मग हातमोजे कितीही जाड असोत. साडीत पोट-कमरेचा पट्टा उघडा राहतो आणि गळती तिथूनच होते. ब्लाउजच्या आत लांब बाह्यांची, कमरेखाली जाणारी थर्मल बनियन, परकराखाली सैल लेगिंग, वर पुढून बटणांचा स्वेटर, म्हणजे पाजताना सगळं उचलावं लागत नाही. त्यावर शाल. घोंगडी असेल तर ती सगळ्यांत बाहेर, वारा ती उत्तम अडवते. मोजे घट्ट एकापेक्षा सैल दोन बरे. घामाने किंवा पाण्याने ओले झाले की लगेच बदला.

शहाबादी फरशी सुंदर दिसते आणि पहाटे पायातली सगळी ऊब ओढून घेते. घरातल्या घरात जाड तळाची चप्पल घाला, ओट्यापाशी दुहेरी गोणपाट किंवा सतरंजीचा तुकडा टाका.

भांडी-धुणं पहाटे टाकीच्या पाण्याने करू नका. टाकी रात्रभर गारठते, उलट बोअरचं ताजं उपसलेलं पाणी पहाटे कोमट असतं. वीज असेल तर मोटर लावून तेच वापरा, नाहीतर काम अकरानंतर. रबरी हातमोज्याच्या आत सुती मोजा घाला. कापूस वेचणीला दव सुकल्यावरच जा, दहाच्या पुढे. मोटरसायकलवर मागे बसून सकाळी तालुक्याला जायचं असेल तर सगळ्यांत बाहेर वारा न शिरणारं काहीतरी हवं, अगदी रेनकोटही चालतो. नुसत्या स्वेटरातून वारा आरपार जातो.

आंघोळ अकरा ते तीनच्या दरम्यान, कोमट पाण्याने, स्टुलावर बसून. कढत पाण्याने रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेली बाई मोरीत घेरी येऊन पडते. एक भाग उकळतं पाणी आणि तीन भाग हिवाळ्यातलं नळाचं, हे साधारण ४० अंशांना बसतं. पायांना शेकायलाही हेच मिश्रण, दहा मिनिटं, मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करून लगेच मोजे. रबरी पिशवीत एक तांब्या उकळतं आणि दीड तांब्या नळाचं, साधारण ५० अंश. पिशवी दोनतृतीयांश भरा, दाबून हवा काढा, टॉवेलात गुंडाळा, पोटाशी किंवा पाठीशी १५–२० मिनिटं ठेवा. बधिर पायाला पिशवी लावायची नाही, भाजलेलं कळत नाही. तान्ह्या बाळाच्या कुशीत तर नकोच.

खाटेखालची शेगडी बंद करा. बंद खोलीत कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना रंग ना वास, पहिली लक्षणं म्हणजे डोकेदुखी आणि मळमळ, आणि ती "थंडी बाधली" म्हणून खपून जातात. आजीला शेक हवाच असेल तर शेगडी अंगणात, बाई आणि बाळ धुरापासून लांब, आणि खोलीत नुसती तापवलेली विटकर फडक्यात गुंडाळून. अंथरूण आधी ऊबदार करून घेणं हा शेगडीहून सोपा मार्ग आहे.

खाणं आणि स्नायू

आजारपणात स्नायू झिजतात, आणि अंगातल्या उष्णतेचा मोठा वाटा स्नायूच देतात. पन्नास किलोच्या बाईला दिवसाला किमान पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत, पाजत असेल तर त्याहून जास्त. दोन जोंधळ्याच्या भाकरी साधारण १० ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण १४, एक अंडं ६, मूठभर शेंगदाणे ७, पेलाभर दूध ६. बेरीज ४३. तूट हुलग्याच्या माडग्याने किंवा दुसऱ्या अंड्याने जवळपास भरते. नुसत्या भाकर-ठेच्यावर ती कधीच भरत नाही. डिंकाचा लाडू रोज एक चालेल. पाच खाल्ल्याने थायरॉइड सुधारत नाही, वजन मात्र वाढतं आणि मग ते पाण्याचं की चरबीचं याचा घोळ होतो. अळीव लोहासाठी चांगले.

मीठ दिवसाला चहाचा एक चमचा, पाच ग्रॅम, त्यात लोणचं-पापड धरून. येळवसला (वेळ अमावास्येला) शेतात भज्जी-आंबील जरूर खा, पण आंबिलातलं मीठ हातानेच आवरा, आणि दव असेपर्यंत शेतात बसू नका. "लो सोडियम" मिठाच्या वाटेला जाऊ नका: त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालाप्रिल घेणाऱ्या बाईच्या रक्तात ते साचून ठोके बिघडवू शकतं.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक. चहाच्या एक-दोन तास आधी किंवा नंतर, लिंबाच्या पाण्यासोबत. गोळीनंतर लगेच कपभर चहा प्यायला तर लोह बरंचसं पोटातूनच निघून जातं. दोन-तीन महिने नेमाने घेऊनही फेरिटिन हलत नसेल तर शिरेतून लोह द्यायचं का, ते विचारा.

चालणं हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. दुपारी, सपाट रस्त्यावर, पहिला आठवडा दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. नाडीवरून अंदाज बांधू नका, बीटा ब्लॉकरमुळे ती फारशी चढत नाही. घरात खुर्चीवरून हात न टेकता आठ-दहा वेळा उठ-बस, दिवसातून दोनदा. भरलेला हंडा श्वास रोखून उचलणं सध्या दुसऱ्याकडे द्या.

गोळी बदलली, लोह सुरू झालं किंवा थायरॉक्सिन लागलं, की फरक दिसायला चार ते सहा आठवडे द्या आणि वही पुन्हा आठवडाभर लिहा. फाल्गुन उजाडून पारा ३८ वर गेला, घरचे पंख्याखाली बसले आणि तुम्ही अजून शालीतच असाल, तर हिवाळा कारण नव्हता. तपासण्यांची तीच यादी घेऊन पुन्हा जा, आणि कडक उन्हात लघवीच्या गोळीचा डोस तोच ठेवायचा का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.